पारडी सारखी झाली तो दिवस

जुळं होणार असं कळलं की लोक आधी गूळ मागतात. एकाच बाळंतपणात दोन उरकली म्हणून थट्टा करतात. माझीही झाली आणि मीही हसले. आत्ता ज्या बाईला सुईणीनं असं सांगितलं असेल, तिच्यासाठी हे लिहायला घेतलं आहे. तिला भीती घालायची नाही. पण खोटा धीर देणारी माणसं तिच्या घरात पुष्कळ असतील, त्यात माझी भर नको. अक्षरं मला उतारवयात आली, पंतोजींच्या बायकोकडून. तिला वाटलं मी पोथी वाचायला शिकते आहे. मला हे लिहायचं होतं.

सुईण म्हणाली, दोन आहेत

कापसाला सोन्याचा भाव आलेली ती वर्षं. परदेशात कुठे लढाई पेटली होती, तिथला कापूस अडला होता, म्हणून विलायतेला आमचा कापूस हवा होता. आम्हा बायकांना एवढंच कळत होतं. अमरावतीच्या पेठेतून बाईमाणसानं चालायचं म्हणजे गाड्यांच्या चाकांमधून वाट काढायची. आमचे घरचे, माझे धनी, मापारी होते, म्हणजे पेठेत आलेला माल तोलून देणारे. दिवसभर तराजूपाशी उभं राहून वजन पुकारायचं. घरी यायचे तेव्हा घसा बसलेला आणि भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले. मी त्यांना म्हातारबाबा म्हणायचे. ते हसायचे. तेव्हा आमचं घर हसरं होतं.

माझं माहेर अकोल्याच्या पलीकडे, काळ्या रानात. पहिलटकरीण म्हणून मला माहेरी जायचं होतं, पण गाडी मिळेना. गावातली जी ती बैलजोडी कापसाला जुंपलेली. आज नको, पुढच्या बाजारानंतर बघू, असं करता करता महिने सरत गेले आणि पोट तर महिन्यांच्याही पुढे गेलं. सासूबाईंना शंका आली. त्यांनी राधा सुईणीला बोलावलं.

राधानं एक हात पोटाच्या वरच्या अंगाला ठेवला, एक खालच्या. डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"दोन डोके लागून राह्यले हाताले," ती म्हणाली. "दोन हायेत, बाई."

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. घरचे संध्याकाळी आले आणि ऐकून म्हणाले, "म्हंजे दोन गाठोडे एकाच गाडीत." आम्ही सगळे पोट धरून हसलो. मी तर खरोखरच पोट धरून.

राधा मात्र निघताना माझ्यापाशी वाकली होती. "जास्त उठबस करू नोको. जुळं दिवस भरू देत नाई. लवकर येते, अन् लवकर आलं का..." पुढचं ती बोलली नाही. पायरी उतरून गेली. मी त्या अर्ध्या वाक्याचा शेवट रोज वेगळा करून पाहायचे. कुठलाच बरा होत नव्हता.

आले

आठव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या. माहेर राहिलंच.

मोठा आधी आला, रडत आला. मग मध्ये इतका वेळ गेला की सासूबाई देवाला नवस बोलू लागल्या. लहाना आला तो निळसर, गप्प. राधानं त्याला पालथा धरून पाठ चोळली, नाकाशी फोडलेला कांदा धरला. शेवटी मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला आणि आम्ही सगळ्या एकदम रडलो.

धुऊन पुसून झाल्यावर राधानं मोठ्याला एका हातावर घेतलं. दुसऱ्या हातानं बाजेखालचा पितळी तांब्या उचलला. ऊन पाण्यानं काठोकाठ भरलेला होता.

"हा पाहा, भरल्या तांब्याएवढा हाय," ती म्हणाली. मग लहान्याला घेतलं. "अन् हा अर्ध्या तांब्याचा."

तिनं ते सहज, माझी कळ विसरावी म्हणून म्हटलं. आम्ही तेवढ्यावर सोडून दिलं.

लवकर आलेली लेकरं कशी असतात ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते. लहान्याची कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा मोजाव्यात. कान मऊ, दुमडले की तसेच राहायचे. पाय कायम गार. डोळे पिवळे झाले, मग अंगही. आणि तो श्वास घ्यायचा विसरायचा. छाती थांबायची. मी तळव्याला टिचकी मारली की त्याला आठवायचं आणि तो पुन्हा सुरू व्हायचा. मोठा बरा होता. चोखायला लागला की आवाज यायचा. त्याच्याकडे बघून मला वाटायचं, एकाची तरी काळजी मिटली.

घरच्यांनी पेठेतून पिंजलेला कापूस आणला, एकही कवडी, म्हणजे किडका पिवळा पुंजका, नसलेला, पांढराशुभ्र. त्या दिवसांत असा कापूस लेकरांखाली अंथरणं म्हणजे लोकांना वेडच वाटलं. सासूबाईंनी त्यात दोघांना असं गुरफटलं की नुसती नाकं बाहेर. त्या दिवसांतलं जे थोडं सुख आठवतं त्यात तो कापूस आहे. हात आत घातला की ऊब लागायची, आणि त्या उबेत दोन पाय सापडायचे, कधी चार.

खोली

पुढचं सगळं एका खोलीत घडलं. खिडकीला घोंगडी. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. सकाळी तेल, मग शेक, मग धुरी, मग अळिवाची खीर, मग पुन्हा शेक. डोळे धुरानं गळायचे, तेव्हा रडलेलं कुणाला कळायचं नाही. ही त्या धुराची एक सोय होती.

मला ताप आला आणि उतरेना. अंगावरचं जाणंही थांबेना. दूध आलं होतं ते तापानं आटत चाललं. दोन तोंडं आणि दूध जेमतेम एकाचं. शेळीच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं पाजत होतो, पण लहान्याला ते पचेना, फुगायचा, ओकायचा. त्याला माझंच दूध हवं होतं.

आमच्याकडे जुळ्यांबद्दल एक समज पक्का. दोघांचा जीव एकाच दोरीला बांधलेला असतो. एक भारी झाला की तो हलक्याचं ओढून घेतो. सासूबाई म्हणाल्या, "मोठ्यानं पोटातच लायन्याचं खाल्लं. आता त्याले जराक थांबू द्या. लायन्याले पयले पाजा. दोघं सारखे झाले का मंग भेव नाई."

सारखे झालेले कळणार कसे? ते घरच्यांनी सुचवलं. घरात सरकी तोलायचा तराजू होता, रुंद पारड्यांचा. तो त्यांनी खोलीतल्या तुळईला टांगला. पारड्यांत कापूस घातला. एका पारड्यात मोठा, दुसऱ्यात लहाना.

"वजनं आणू नोको," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "लोखंडानं माल तोलतेत, लेकरं नाई. जित्या लेकराले माप लागलं का ते तेवढंच राह्यते."

"वजनं लागतच नाई, माय," घरचे म्हणाले. "यायले एकमेकाशीच तोलून पाहू. काटा खोटं बोलत नाई."

मोठ्याचं पारडं खाली गेलं, लहान्याचं वर. अंतर चांगलं हातभर. ठरलं की पारडी सारखी झाली की बारसं करायचं, तोवर नावं ठेवायची नाहीत. मलाही ते पटलं. ज्या घरात सगळ्या भांडणांचा निकाल काट्यावर लागतो, तिथं काट्यावर कोण शंका घेणार?

मग दर बाजाराच्या दिवशी सकाळी, पेठेत जायच्या आधी, घरचे ते पारडं धरायचे. लहाना आधी प्यायचा. प्यायचा म्हणजे काय, दोन घोट घ्यायचा आणि दमून झोपायचा. त्याला उठवून पुन्हा लावायचं. सगळी सकाळ त्यात जायची. मोठा रडत असायचा. त्याच्या तोंडात बोळा द्यायचा, शेळीच्या दुधाचा, नाहीतर गुळाच्या पाण्याचा. त्याला काय, तो धट्टाकट्टा आहे, असं सगळे म्हणायचे. हळूहळू तो रडायचा कमी झाला. सासूबाई म्हणाल्या, समजूतदार आहे. मलाही बरं वाटलं, कारण त्याचं रडणं मला सहन होत नव्हतं.

दर बाजाराला पारड्यांतलं अंतर कमी होत होतं. घरच्यांचा चेहरा खुलायचा. "चढून राह्यला लायना," ते म्हणायचे आणि त्या आनंदात न्याहारी न करताच पेठेत पळायचे. माझा ताप होताच. पण त्या दिवशी मी दोन घास जास्त खायचे.

बारसं

एका बाजाराला काटा मधोमध उभा राहिला. घरच्यांनी पारडी हलवून पुन्हा स्थिर होऊ दिली. पुन्हा तेच. त्यांनी सवयीनं मोठ्यानं पुकारलं, "बरोब्बर!" आणि मग स्वतःच लाजले. सासूबाईंनी त्याच दुपारी बारसं धरलं. घुगऱ्या शिजल्या, शेजारणी आल्या. एकाचं नाव महादू, दुसऱ्याचं गणू. मोठा तो महादू.

पाळणा म्हणून होतो न होतो तोच दारात माझी माय उभी. तिलाही इतके दिवस गाडी मिळाली नव्हती. शेवटी अमरावतीला माल घेऊन येणाऱ्या एका गाडीवर, कापसाच्या गाठोड्यांवर बसून ती आली होती. केसांत सरकी, अंगभर धूळ. पाय धुऊन ती सरळ पाळण्यापाशी गेली. निरोप तिला सगळे मिळत होते, एक दांडगा आहे, एक नाजूक आहे. तिनं दोघांकडे पाहिलं, वाकून पुन्हा पाहिलं.

"यातला मोठा कोणता वं?" तिनं विचारलं.

बायका हसल्या. सासूबाई तर फुलून आल्या. "पाहा, आजीलेच ओळखू येत नाई. इतके सारखे झाले."

माय हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. मीही मान वळवून पाळण्यात पाहिलं. लहाना जन्मला तेव्हा जसा दिसत होता, आता दोघं तसेच दिसत होते. दोघंही लहाने दिसत होते.

बायका घुगऱ्या घ्यायला बाहेर गेल्या, माय त्यांच्यात अडकली. तराजू अजून तुळईला टांगलेला होता. मी बाजेवरून उतरले. महादूला पाळण्यातून काढून एका पारड्यात ठेवलं. तो रडला नाही. मग बाजेखालचा तांब्या घेतला, राधानं उचललेला तोच, काठोकाठ भरला आणि दुसऱ्या पारड्यात ठेवला. तांब्या म्हणजे काही लोखंडाचं माप नव्हे, असं मनाशी म्हटलं.

तांब्याचं पारडं धाडकन खाली गेलं. लेकरू वर, माझ्या तोंडाशी आलं.

मी थोडं पाणी ओतलं, मोरीत. पारडं हललं नाही. आणखी ओतलं. मग आणखी. तांब्या अर्ध्यावर आला तेव्हा कुठे काटा उभा राहिला. मी मोरीकडे पाहिलं. ते पाणी अजून वाहत होतं.

"काय करून राह्यली वं?" घरचे दारात होते. "तांब्या कायले ठेवला पारड्यात?"

"राधा काय म्हणाली होती, आठवते? भरल्या तांब्याएवढा." मी तांब्याकडे बोट केलं. "आता पाहा."

दिवसभर काटा वाचणारा माणूस. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ते पारड्यापाशी आले, तांब्यात डोकावले, मग महादूला उचलून हातावर धरलं, कापसाची मूठ धरावी तसं. तिथंच जमिनीवर बसले.

"लायना चढलाच नाई," ते म्हणाले. "हा उतरला. म्या एकमेकाशी तोललं. त्यात कोण चढलं अन् कोण उतरलं, कसं कळन?"

बाहेर बायका घुगऱ्यांचं कौतुक करत होत्या.

नंतर

त्या दुपारपासून महादूला आधी पाजायला सुरुवात केली. पण तो चोखायचं विसरला होता. बोळ्याची सवय झालेली. माझ्याकडे तोंड करायचा आणि तसाच थांबायचा. मायनं बोटानं त्याचा टाळू चोळला, थेंब थेंब पिळून घातले, ते ओठांच्या कडेनं गळायचे. माय आणि सासूबाई यांचं भांडण झालं. "पोरगं उपाशी मारलं तुमी," माय म्हणाली. "अन् तुमी कोठी होत्या इतके दिवस?" सासूबाई म्हणाल्या. दोघींचं खरं होतं आणि दोघी रडत होत्या. मी भिंतीकडे तोंड केलं.

घरचे त्याला कापसात गुंडाळून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, पायीच, कारण गाडी तेव्हाही मिळाली नाही. तिथल्या माणसानं पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्यानं औषध दिलं नाही. घरी न्या, आईजवळ ठेवा, इतकंच सांगितलं. आईजवळ तर तो पहिल्यापासून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणात ऊन आल्यावर, तो गेला. मी त्याच्या तळव्याला टिचक्या मारत राहिले. लहान्याला आठवायचं तसं त्याला आठवलं नाही. अजून पुढचा बाजारही आला नव्हता.

न्यायची वेळ झाली तेव्हा घरचे कापूस बाजूला सारू लागले. सासूबाई पुढे झाल्या.

"कापसासकट ने त्याले, बापू," त्या म्हणाल्या. "बाहीर थंडी हाय."

त्या बाईवर मला पुढे कधी रागावता आलं नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. घरात कुणीच वाईट नव्हतं. सगळ्यांनी दोघांवर सारखाच जीव लावला होता.

मग माझा ताप उतरला. आणि दूध पुरू लागलं, एकट्या गणूला. पुरून उरू लागलं. रात्रंदिवस पदर भिजलेला असायचा. लोक यायचे, म्हणायचे, एक तरी राहिला. मी मान हलवायचे. घुगऱ्या नेलेल्याच बायका होत्या त्या.

गणू जगला. उशिरा बसला, फार उशिरा चालला, उजव्या कानानं त्याला कमी ऐकू येतं. पावसाळाभर छाती भरते. लवकर आलेल्या लेकरांचं असं मागे राहतं, जगली तरी. त्याला पाजताना माझी नजर त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर जायची आणि तो अर्ध्यातच सोडून माझ्याकडे बघायचा. त्याचा त्यात काय दोष? पण ती जागा भरली नाही. आता भरायची नाही.

तो तराजू कुणी मोडला नाही की जाळला नाही. सरकी तोलायला तोच लागत होता. घरचे पुढेही मापारीच राहिले, दुसरं येत काय होतं? फक्त घसा बसेपर्यंत पुकारायचे नाहीत. हळू आवाजात सांगायचे, लोकांना पुन्हा विचारावं लागायचं.

जिला जुळं होणार आहे तिला

मला शहाणपण सांगायची हौस नाही. एवढंच कर. दोघांना एकमेकांशी तोलू नकोस, पारड्यात नको आणि डोळ्यांनीही नको. ज्याचं त्याच्याशीच बघ. घरात दोन भांडी घे. जन्माच्या दिवशी ज्याच्या त्याच्या वजनाइतकं पाणी त्यात भर, पाणी जिथवर आलं तिथं शेंदराची खूण कर. पुढच्या बाजाराला त्या भांड्याशी तोलताना लेकराचं पारडं वर गेलं तर कुणाचं ऐकत बसू नकोस, त्याला आधी पाज. आणि रडायचं थांबलेलं लेकरू समजूतदार आहे असं कुणी म्हणालं तर त्याला खोलीबाहेर काढ. दूध पुरत नसेल तर जिच्या अंगावर पाजतं मूल आहे तिचे पाय धर. लाज धरू नकोस. इतकं करूनही जाईल कदाचित. जातात. मी तुला नाही जात असं सांगणार नाही.

आमचा तांब्या अजून रोजच्या वापरात आहे. नवी सून आली तेव्हा तिनं तो चिंचेनं घासून लख्ख केला, तिला काय ठाऊक. मी मात्र दुसऱ्या कुणाला तो भरू देत नाही. सकाळी विहिरीवरून आले की काठोकाठ भरते आणि खाली ठेवायच्या आधी थोडा वेळ हातावर धरून उभी राहते. एवढा होता तो, आला तेव्हा.